गळकी काच घेऊन निपाणीहून दादरला

मुंबईहून परतल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "बाई, काय काय पाहिलंत?" खरं सांगायचं तर राणीची बाग पाहिली नाही, म्युझियम पाहिलं नाही. चौपाटी गाडी चालवताना एका बाजूला दिसली तेवढीच. मुंबईत तीन दिवस होते आणि त्यांतला दीड दिवस मोटारीच्या गळक्या काचेपायी गेला. पण त्या काचेमुळे ज्या घरांत जावं लागलं, तिथे एरवी मला कोणी नेलं नसतं, आणि मीही आपण होऊन गेले नसते. म्हणून हे लिहिते आहे.

खंबाटकीचा घाट

गाडी डॉक्टरांची, म्हणजे माझ्या यजमानांची. लढाईच्या आधीची, काळी, समोरची काच मधल्या पट्टीने दोन भागांत विभागलेली. डॉक्टर गेले त्याला चार वर्षं झाली. तेराव्याला जमलेल्या मंडळींत गाडी आता कोणी न्यावी यावर बोलणं निघालं, तेव्हा मी किल्ली पदराला बांधली. चालवायला शिकले ती गावाबाहेरच्या माळावर. मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका दिवसा भूगोल शिकवते आणि संध्याकाळी निवडुंगात गाडी घालते, अशी गंमत गावाने वर्षभर केली. मग गाव थकलं.

आमची निपाणी म्हैसूर राज्यात गेल्याला हा दुसरा पावसाळा. सीमाभागातल्या लोकांचं म्हणणं ऐकायला दिल्लीहून एक गृहस्थ मुंबईत यायचे होते. दादरला एका शाळेच्या सभागृहात ते गुरुवारी भेटणार होते. हेच गृहस्थ मागे कुठेसे म्हणाले होते की हा सगळा पुरुषांचा उद्योग आहे. तिथल्या बायकांना राज्य कोणतं याच्याशी काही देणंघेणं नाही, चूल पेटली म्हणजे झालं. हे बोलणं तंबाखूच्या वखारींत पोचलं आणि वखारीत तंबाखू चाळणारी गंगाक्का माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"बाई, त्या मानसाला आमचं म्हननं कळवायचं हाय. तुमी लिवा, आमी आंगठं देतो."

उन्हाळाभर आम्ही दोघी गाडी घेऊन आसपासच्या गावांत हिंडलो. जिथे एसटी जात नाही तिथे ही गाडी गेली. सहा वह्या भरल्या. ठसा स्वच्छ उमटावा म्हणून मी छापखान्यातली शाई आणली होती. अंगठा त्या बाईचा आणि शेजारी तिचं नाव माझ्या हातचं.

सोमवारी पहाटे निघालो. खंबाटकीच्या घाटात पावसाने असं झोडपलं की पुढचं वळण दिसेना. समोरच्या काचेच्या गंगाक्काच्या बाजूच्या भागाच्या वरच्या कोपऱ्यातून पाणी झिरपू लागलं. तिने पदराचा बोळा करून तिथे दाबून धरला आणि घाट उतरेपर्यंत हात खाली घेतला नाही. आम्हाला वाटलं, पाणी तेवढंच. शिरवळला चहाला थांबलो तेव्हा कळलं की पाणी पत्र्याच्या आतून खाली उतरून तिच्या पायाशी ठेवलेल्या वह्यांच्या गाठोड्यावर पडत होतं. वरची वही भिजून फुगली होती. उघडली तर माझी सगळी अक्षरं निळ्या डागांत विरघळलेली.

गंगाक्काने पान उजेडात धरलं. छापखान्याची शाई तेलकट असते. अंगठे जसेच्या तसे होते.

"आंगठं हाईत की," ती म्हणाली. "गेलं ते तुमचं अक्षर."

गिरगाव

पुण्याला मुक्काम करून मंगळवारी दुपारी गिरगावात पोचलो. ठाकूरद्वारच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर माझे धाकटे दीर भास्करराव राहतात, बँकेत असतात. गिरगावच्या चाळीत पाहुणा एका घरी येत नाही, मजल्यावर येतो. मी चप्पल काढेपर्यंत गॅलरीतल्या चार दारांतून चार डोकी बाहेर आली होती. आमच्या निपाणीत शेजारीण विचारपूस करते ती अंगणाच्या पलीकडून, इथे काशीबाई म्हणून शेजारच्या बाई सरळ आत आल्या, भिजलेली वही हातात घेतली आणि म्हणाल्या, "वाळत घालून काय होणार ह्या हवेत? इस्त्री तापवा."

मग गॅलरीत घोंगडी पसरून कोळशाच्या दोन इस्त्र्या चालू झाल्या. एकेका पानावर जुनं धोतर अंथरायचं आणि हलक्या हाताने फिरवायचं. खरपूस वास सुटला. पानं वाळली, पण पापडासारखी वेडीवाकडी झाली.

भास्कररावांनी तोवर मला आणि गाडीला ऑपेरा हाऊसकडच्या एका गॅरेजात नेलं. मालकाने काचेभोवतीच्या रबरावर नख मारलं. रबराचा तुकडा बिस्किटासारखा तुटून पडला.

"ही रबरं आता येत नाहीत," तो म्हणाला. "परदेशी माल बंद आहे. इंजिन ठीक दिसतंय. आपलं ठरलंय त्याप्रमाणे मी गाडी ठेवून घेतो."

"काय ठरलंय?" मी विचारलं.

भास्कररावांनी घसा साफ केला. "वहिनी, मी यांच्याशी बोलून ठेवलं होतं. तुम्ही एकट्या बाईमाणूस, घाटाघाटांतून हे खटारं चालवता. दादा असता तर त्यानेच..."

"दादा असते तर त्यांनी आधी मला विचारलं असतं."

"मी तुमच्या भल्यासाठीच..."

"भाऊजी, ही गाडी गेली तर सीमेवरच्या गावांत मी कशाने जाऊ? बैलगाडीने? गाडी विकायची नाही. गळकी असली तरी नाही, बुडाली तरी नाही."

गॅरेजवाला हसला. "मग पावसात छत्री उघडून चालवा, बाई."

मी गाडीत बसले, गाडी मागे घेतली आणि रस्त्याला लागले. मागे घेताना त्याचं एक रिकामं पिंप आडवं झालं. ते मुद्दाम केलं नाही, पण माफीही मागितली नाही.

संध्याकाळी काशीबाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आमचे हे परळच्या मिलमध्ये टाइमकीपर आहेत ना, तिथे सखाराम जाधव म्हणून फिटर आहे. लढाईत लष्कराच्या मोटारी दुरुस्त करायचा. त्याला दाखवा. दुसरी पाळी आहे त्याची, दुपारी भोंगा होईपर्यंत मोकळा असतो." त्यांच्या यजमानांनी तिथल्या तिथे पत्ता लिहून दिला.

मग जेवणं होईपर्यंत मी आणि गंगाक्का वही घेऊन बसलो. ती अंगठ्याकडे बघायची आणि नाव सांगायची, मी लिहायची. एकही नाव अडलं नाही. मजल्यावरच्या बायका आपापले तांदूळ निवडता निवडता ऐकत होत्या. रात्री पानात वालाचं बिरडं होतं. गंगाक्काने नारळ किती घातला आहे ते पाहिलं आणि मला हळूच म्हणाली, "ह्यांच्यात रोजच सण दिसतोय."

माझगाव आणि लालबाग

बुधवारी सकाळी भायखळ्यावरून परळकडे निघालो. रस्ता ओला, ट्रामचे रूळ निसरडे. दोनदा चाक रुळात सापडून गाडी भलतीकडेच वळली. गाडी बाई चालवते आहे हे पाहून एका ट्रामचा कंडक्टर पायरीवर येऊन वाकून बघू लागला. गंगाक्काने त्याला हात जोडून नमस्कार केला, तेव्हा तो आत गेला.

सखाराम जाधव लालबागच्या अलीकडे एका चाळीत तळमजल्याला राहतात. पन्नाशीचे, सडपातळ, हातांना तेलाचा वास. त्यांनी गॅरेजवाल्यासारखं नख मारलं नाही. काचेभोवती चारी बाजूंनी बोट फिरवलं आणि वरच्या कोपऱ्याशी थांबले.

"हे कोणी बसवलं होतं?"

"डॉक्टरांनी कोल्हापुरात बसवून घेतलं होतं."

"बघा, रबराचा जोड वर ठेवलाय. पाणी वरनं येतं, बाई. जोड नेहमी खाली ठेवायचा. रबर आकसलं, जोड उघडला, पाण्याला दार मिळालं."

"गॅरेजवाले म्हणाले, असलं रबर मिळत नाही."

"मिळत नाय ते दुकानात. चला माझगावला."

माझगावच्या गोदीलगत भंगारवाल्यांची रांग आहे. तिथे लढाईतल्या लॉऱ्यांचे सांगाडे गवतात उभे होते. सखारामभाऊंनी खिशातून आमच्या जुन्या रबराचा तुकडा काढला. त्याला दोन खाचा असतात, एकीत काच बसते आणि दुसरीत गाडीचा पत्रा. सात-आठ सांगाडे त्यांनी नाकारले. कुठे खाच रुंद, कुठे रबर मेलेलं. शेवटी ताडपत्रीखाली राहिलेल्या एका लॉरीचं रबर त्यांनी ओढून पाहिलं, दुमडलं, सोडलं. ते परत सरळ झालं.

"जिवंत आहे," ते म्हणाले. तिथूनच एका डब्यात काळं लुकण घेतलं. बोटीच्या फळ्यांच्या सांध्यांत भरतात तेच.

परत येईपर्यंत अकरा वाजून गेले होते. भोंगा तीनला. चाळीच्या तोंडाशी गाडी उभी करून त्यांनी जुनं रबर सुरीने कापलं आणि काच अलगद बाहेर काढली. काच गेल्यावर गाडीला एक डोळा नसल्यासारखं दिसू लागलं. खाली पत्र्याला गंज चढला होता. तो खरवडायचं काम मला दिलं. पुन्हा गंज धरू नये म्हणून त्यावर त्यांनी शेंदरी रंगाचा हात फिरवला. लॉरीचं रबर काचेभोवती गुंडाळून मापाने तिरकं कापलं, टोकांना सायकलवाले लावतात ते सोल्युशन लावून जोडलं आणि दोन फळ्यांत आवळून ठेवलं.

"हे धरेस्तोवर जेवून घ्या," त्यांच्या पत्नी शेवंताबाई दारातून म्हणाल्या.

खोली एकच, पण लख्ख. भिंतीवर बुद्धाची तसबीर नवी होती. दोन वर्षांपूर्वी त्यांनी दीक्षा घेतली. बाजरीची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी आणि कांदा. शेवंताबाई वाढता वाढता वह्यांबद्दल विचारत होत्या. मी उत्साहाने सांगत होते, किती गावं, किती बायका. त्यांनी मधेच विचारलं, "आमच्या बायकांचे अंगठे आहेत त्यात?"

"आहेत. चौथी वही सगळी त्या वस्तीतली."

"तुम्ही वस्तीत गेलात?"

"गेले की. दोन दिवस गेले."

"उन्हाचं गेलात. तिथलं पाणी प्यालात?"

गाडीत माझा फिरकीचा तांब्या होता. मी त्यातलंच पाणी प्याले होते, आणि आपण काही वेगळं करतो आहोत असं तेव्हा मनातसुद्धा आलं नव्हतं.

"मी प्याले," गंगाक्का म्हणाली. "बाई न्हाई प्याल्या."

सखारामभाऊ पत्नीला म्हणाले, "अगं, पाहुणी आहे."

"पाहुणी आहे म्हणूनच विचारते. दुसऱ्या कुणाला विचारू?" शेवंताबाई माझ्याकडे वळल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "महाराष्ट्र पायजेच, बाई. ह्या रस्त्यावर गोळ्या झाल्या तेव्हा आम्ही पण इथंच होतो. पण मागताय तर सगळ्यांसाठी मागा. नाहीतर राज्य तुमचं येईल नि विहीर गावाचीच राहील."

मी त्यांच्या माठातलं पाणी घेतलं आणि प्याले. त्यात मोठेपणा काही नव्हता. उशीर झाला होता. "तुमचं खरं आहे," मी म्हणाले. शेवंताबाईंनी माझ्या पानात आणखी एक भाकरी टाकली.

काच बसवण्याची रीत मी पहिल्यांदाच पाहिली. रबर चढवलेल्या काचेच्या बाहेरच्या खाचेत एक दोरी सगळीकडून बसवतात, टोकं आत लोंबती ठेवतात. दोघांनी बाहेरून काच चौकटीवर दाबायची आणि आतल्या माणसाने दोरी हळूहळू ओढायची. दोरी निघते तसा रबराचा ओठ पत्र्यावर उलटतो. साबणाचं पाणी लावलं. बाहेर सखारामभाऊ आणि मी. आत गंगाक्का. तिचे हात तंबाखूने काळे आणि चिवट झालेले.

"जोर नको, दम पायजे," सखारामभाऊ म्हणाले.

"माझ्याजवळ दमच हाय," आतून उत्तर आलं.

अर्धी दोरी निघाली होती तेव्हा एक हवालदार आला. चाळीतल्या दहा-बारा बायका बघायला उभ्या होत्या. "जमाव करू नका. बंदी आहे. पाचच्या वर माणसं नकोत. चला, व्हा बाजूला!"

"जमाव नाही, साहेब, काच बसवतोय," सखारामभाऊ म्हणाले.

"ते काही नाही. सोडा ते आणि पांगा."

शेवंताबाई पुढे आल्या. "अर्धी काच आत आहे. सोडली तर फुटंल. ह्या बाईंना उद्या दादरला जायचंय, सीमेवरच्या बायकांचं गाऱ्हाणं घेऊन. फुटली तर भरून देणार का तुम्ही? नाहीतर असं करा, त्या कोपऱ्याला हात लावा."

हवालदाराने रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. मग काठी काखेत घेतली आणि दोन्ही तळवे काचेला लावून उभा राहिला. दोरी सुटली, रबराने शेवटचा कोपरा गिळला तसा 'पट्' असा आवाज झाला. हवालदार हात पुसत म्हणाला, "कुठल्या गावचं गाऱ्हाणं?"

"निपाणीचं."

"माझी सासुरवाडी बेळगावची आहे," असं म्हणून तो निघून गेला. जमाव पांगवायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही.

लुकण भरून झालं. चाळीतल्या बायकांनी धुण्याचं राखून ठेवलेलं पाणी बादल्यांनी काचेवर ओतलं. गंगाक्का आत बसून कोपऱ्याकडे डोळे लावून होती. पाच बादल्या झाल्या. तिने आतून कोरडा हात काचेला लावून दाखवला. तेवढ्यात मिलचा भोंगा झाला आणि सखारामभाऊ हात धुवून तसेच कामावर गेले.

गिरगावात परतल्यावर भास्कररावांनी विचारलं, "जेवलात कुठे?"

"जाधवांकडे."

"म्हणजे त्यांच्या घरात?"

"त्यांच्या घरात, त्यांच्या ताटात. बोंबील तिखट होते."

भास्कररावांनी वर्तमानपत्र उघडलं. मी ते बंद होण्याची वाट पाहिली नाही.

दादर

गुरुवारी पाऊस कोसळत होता. सहाही वह्या गंगाक्काच्या पायाशी होत्या आणि दादरपर्यंत थेंबही आत आला नाही.

सभागृहात बेळगावचे, कारवारचे, भालकीचे लोक दाटीने बसले होते. दिल्लीचे गृहस्थ पांढऱ्या खादीत, शांत आणि सभ्य. शेजारी त्यांचे मराठी चिटणीस. आमची पाळी आली तेव्हा त्यांनी नेमकी इस्त्रीची वही उघडली. वेडीवाकडी पानं, ताजी शाई.

"यह सब एक ही हाथ का लिखा है."

"माझ्या हातचं आहे," मी म्हणाले. "वही भिजली, म्हणून नावं परत लिहिली."

"तो मैं कैसे मानूँ कि अँगूठे इन्हीं औरतों के हैं?"

मी मराठीत सांगताच गंगाक्का उठून टेबलाशी गेली. नावांवर तळहात ठेवून तिने ती झाकली. "कुटल्याबी आंगठ्यावर बोट ठेवा म्हनावं."

त्यांनी ठेवलं.

"ही चंद्रा. चाळनीची पट्टी लागून आंगठा चिरला व्हता. ही रेघ बगा."

दुसऱ्यावर ठेवलं.

"ही मालन. कडंवर लेकरू व्हतं, त्येनं हात मारला म्हनून ठसा फिसकटला."

प्रत्येक वेळी मी तळहाताखालचं नाव वाचून दाखवलं. सहाव्या नावाला गृहस्थ थांबले. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला कानडी लोकांचा एवढा राग का?

गंगाक्काला आधी प्रश्नच कळेना. "राग? माझी सून कानडी हाय. ती कानडी बोलते, मी मराठी बोलते, नातू दोनी भाषांत रडतोय. घरात भांडान न्हाई. कचेरीतनं कागुद येतोय त्यो सून सोडली तर मला वाचून दावायला मानूस मिळंना, भांडान त्येचं हाय. आनि आमाला न इचारता आमचं गाव दुसऱ्याला दिलं, त्येचं हाय."

सभागृहात कोणीतरी "झालाच पाहिजे" म्हणालं आणि मग सगळेच म्हणाले. चिटणीसांनी हात वर करून शांत केलं. वह्या वर पोचवू, ठेवून जा, असं ते म्हणाले.

"पोच द्या," गंगाक्का म्हणाली.

त्यांनी पोच लिहिली, गृहस्थांनी इंग्रजीत सही केली. गंगाक्काने कागद उलटसुलट पाहिला आणि परत टेबलावर ठेवला.

"मला वाचाय येत न्हाई. ही सही कुनाची बी आसंल. आमी आंगठं दिल्यात, ह्येंनी बी आंगठा द्यावा."

चिटणीसांनी हे भाषांतर करायला नकार दिला. मी केलं, सगळं, शब्दाला शब्द. गृहस्थांनी गंगाक्काकडे पाहिलं. मग डाव्या हाताची बाही मागे सारली, शाईच्या पेटीवर अंगठा दाबला आणि कागदावर उठवला. पुढे किती वेळ टाळ्या वाजत होत्या ते सांगता येणार नाही. ते रुमालाने अंगठा पुसत होते, पण शाई काही निघत नव्हती.

दाराशी भास्करराव उभे होते. बँकेतून अर्धी रजा टाकून आले होते. मागच्या रांगेत कधीपासून बसले होते कोण जाणे. त्यांनी गंगाक्कासाठी गाडीचं दार उघडून धरलं आणि वर छत्री धरली.

निपाणी

दिल्लीहून अजून काही कळलेलं नाही. कळेल अशी आशा फार नाही, पण सहा वह्या तिथे आहेत आणि त्यांची पोच इथे आहे.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत पाण्याचे दोन माठ होते, त्यांतला वस्तीतल्या मुलींचा वेगळा मी काढला. पाच पालक जाब विचारायला आले. त्यांना म्हटलं, मुली एका माठातलं पाणी पितील. ज्यांना चालत नाही त्यांनी घरून आणू नये, दाखला न्यावा. दोघांनी नेला. तिघांच्या मुली येत आहेत.

आणि काल वरच्या कचेरीतून कानडी कागद आला. गंगाक्काच्या सुनेनेच वाचून दाखवला: मुख्याध्यापिका रजेच्या काळात कोठे आणि कोणत्या कामासाठी गेल्या होत्या, याचा आठ दिवसांत लेखी खुलासा करावा. आठ दिवस मला लागले नाहीत. मराठीत लिहिलं: "दादरला सहा वह्या द्यायला गेले होते. सातवी भरत आली आहे. ती भरली की पुन्हा जाईन."